‘पणजोबांचं पिस्तूल’ : एका नाराज वाचकाला उत्तर

नमस्कार.

कराड तालुक्यातल्या वाड्यात ट्रंकेत सापडलेल्या पिस्तुलाविषयी मी लिहिलं, त्यावर तुम्ही म्हणता : पणजोबांनी ते बसऱ्याच्या लढाईत, म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या मेसोपोटेमियाच्या (आजच्या इराकच्या) मोहिमेत, वापरलं असं घरचे सांगतात, त्यावर बाणाची खूण आहे, तरी मी चार इंग्रजी अक्षरं वाचून घराण्याला खोटं पाडलं आणि वस्तू पोलिसांत जमा करायला लावून वारसा घालवला. तुमचे आजोबाही मराठा पलटणीत होते हे वाचलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

रिव्हॉल्व्हरला पिस्तूल का म्हटलं, हा तुमचा छोटा आक्षेप. आपल्याकडे दोन्हींना पिस्तूलच म्हणतात, आणि ब्रिटिश लष्कराच्या कागदांतही याचं नाव ‘पिस्टल, रिव्हॉल्व्हर, नंबर २’ असंच आहे.

आता बाण. ती ब्रिटिश सरकारी मालकीची खूण. होकायंत्रावर सापडते, संगिनीवर सापडते, दोन्ही महायुद्धांतल्या सामानावर सापडते. तिच्यावरून साल ठरत नाही. दोन बाण टोकाला टोक लावून असले तर तो नग सरकारने रीतसर विकला असं समजतात. इथे तशी जोडी नव्हती, म्हणजे ते घरात रीतसर विकत आल्याची खूण नव्हती. हे मी लेखात मुद्दाम टाळलं होतं, घरच्यांना अवघड वाटू नये म्हणून.

पहिल्या महायुद्धातलं ब्रिटिश रिव्हॉल्व्हर म्हणजे मुख्यतः वेब्ली. त्याचं १९१५ चं मार्क ६ : .४५५ बोअर (नळीच्या आतला व्यास, इंचात), सहा इंची नळी, वजन किलोच्या वर. ट्रंकेतलं हे .३८ चं, पाच इंची नळीचं, जेमतेम पाऊण किलोचं. दोन्ही मधोमध मोडून उघडतात, त्यामुळे फोटोत सख्खी भावंडं वाटतात. पण सांगाड्याच्या उजव्या अंगाला, घोड्याखाली (घोडा म्हणजे काडतुसावर आपटणारा हातोडा), ‘एनफिल्ड, नंबर २, मार्क १’ आणि पुढे चांदणी आहे. खाली साल १९४१.

चांदणी म्हणजे घोड्याचं मागचं शेपूट काढलेलं. ‘घोडा नंतर बदलला असेल’ हा तुमचा मुद्दा मला मान्य आहे. चांदणी दिसली की नग १९३८ नंतरचाच, असं मी ठोकून दिलं होतं ते चुकलं. जुने मार्क १ सुद्धा नंतर असे बदलले गेले. लेखात दुरुस्ती केली आहे. पण मूळ नंबर २ च लष्कराने स्वीकारलं १९३२ साली. मेसोपोटेमियाची मोहीम तोवर संपून चौदा वर्षं झाली होती.

पोलिसांचं म्हणाल, तर फोटो आले त्याच दिवशी मी फोनवर तो सल्ला दिला आणि आजही तोच देईन. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली .३८ आणि .४५५ दोन्ही आपल्याकडे प्रतिबंधित बोअर आहेत. ‘जुनं आहे, परवाना कशाला’ हे जे हत्यार म्हणून चालूच शकत नाही त्यालाच लागू पडतं. मी ते पहिल्यांदा हातात घेऊन पाहिलं पोलीस ठाण्यातल्या पंचनाम्याच्या टेबलावर, आणि तिथे त्याची काडतुसांची चक्री नीट फिरत होती. संग्रहात ठेवायचा मोह मलाही झाला. परत निघताना वाईट वाटलं, ते आजही वाटतं.

पण वारसा गेला असं म्हणू नका. त्याच ट्रंकेत चिंधीत बांधलेला चांदीचा बिल्ला होता : एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार, १९१४ आणि १९१८. पहिल्या युद्धाच्या या बिल्ल्याच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. भिंगातून वाचलं : पणजोबांचं नाव, ११४ मराठा. ही पलटण ऑक्टोबर १९१८ मध्ये मेसोपोटेमियात शरकतला लढली. म्हणजे घरात ‘बसरा’ म्हणून सांगतात ती मेसोपोटेमियाची मोहीम खरीच होती. मी खोडलं ते फक्त पिस्तुलाचं साल. घरातल्या आजींनी ते नाव माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

मग त्या हळूच म्हणाल्या, पणजोबांचा धाकटा मुलगाही फौजेत होता, इटलीत. परत आला आणि वर्षभरात गेला. त्याच्याविषयी घरात कुणी बोलतच नसे. १९४१ चं पिस्तूल त्याचं होतं असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा नाही. पण त्या दिवशी त्याचं नाव घरात पुन्हा उच्चारलं गेलं.

तुमच्या आजोबांचे बिल्ले घरी असतील तर चिंचेने घासू नका, कडेवरची अक्षरं झिजतात. तिरप्या उजेडात भिंगाने पाहा. नंबर आणि पलटण कळवा, आपण दोघं मिळून शोधू.