दातीनीची पत्रे आणि वह्यांचा पुरावा : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

इटलीतील प्रातो गावचा व्यापारी फ्रांचेस्को दातीनी (मृत्यू 1410) याच्या पत्रव्यवहारावरील माझ्या लेखावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत. त्याच्या दीड लाख पत्रांना सरसकट ‘कौटुंबिक’ म्हणणे चूक आहे. त्याची पत्नी मार्गेरिता हिची पत्रे लेखनिकांच्या हातची असल्याने ती तिची मानता येत नाहीत. आणि जमाखर्चाच्या वह्या शाबूत असताना नवरा-बायकोच्या कुरबुरींना व्यापाराचा पुरावा म्हणून पुढे करण्याचे कारण नाही.

पहिला आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. 1870 मध्ये दातीनीच्या राहत्या घरात सापडलेल्या या दप्तरातील बहुतेक पत्रे आविन्यों, पिसा, जेनोआ, फ्लॉरेन्स, बार्सिलोना, व्हॅलेन्सिया आणि मायोर्का येथील पेढ्यांच्या कारभाराची आहेत. खासगी पत्रे सुमारे 11,000 भरतात आणि पती-पत्नींनी एकमेकांस लिहिलेली त्यांतही थोडीच, चारशेंच्या घरात. ‘घराण्याची दीड लाख पत्रे’ हे शब्द मी लेखातून काढून टाकले आहेत.

दुसऱ्या आक्षेपाबाबत मात्र माझे मत वेगळे आहे. मार्गेरिताने बरीच पत्रे तोंडी सांगून लिहवून घेतली हे खरेच. पण तिशी ओलांडल्यावर तिने नेटाने लेखनाचा सराव केला आणि 1390 च्या दशकाच्या अखेरची तिची काही पत्रे स्वहस्ते लिहिलेली आहेत. लेखनिकाच्या हातून उतरलेल्या पत्रांतही ती दबून बोलत नाही. आपल्या अंगात आईकडून आलेले गेरार्दिनी या उमराव घराण्याचे रक्त आहे, तुमचे कुळ कोणते ते मला ठाऊक नाही, असे नवऱ्याला सुनावणारे वाक्य पेढीवरच्या कारकुनाने आपल्या मनाने घातले असेल, असे मला तरी वाटत नाही.

खरा मतभेद तिसऱ्या मुद्द्यावर आहे. आपण पेढी एकीकडे आणि घर दुसरीकडे अशी विभागणी गृहीत धरता. दातीनीच्या दप्तरात ती दिसत नाही. आलेल्या व्यापारी पत्राच्या पाठीवर ते कोठून आणि कोणत्या तारखेस पोचले याची नोंद करण्याची जी शिस्त होती, तीच बायकोच्या पत्रांनाही लावलेली आढळते. तो फ्लॉरेन्सला असे तेव्हा प्रातोचे घर मार्गेरिता सांभाळी, आणि जेमतेम वीस किलोमीटरच्या त्या वाटेवर पत्रांबरोबर पाव, कोंबड्या, धुतलेले कपडे आणि रिकाम्या पिशव्या यांची सतत ने-आण चाले. काय पाठवले, काय परत यायचे आहे आणि कोणत्या ऋणकोकडून वसुली राहिली आहे, याचा हिशेब ती पत्रातूनच देई. तो तिला बजावतो की खेचराचे पाय गरम पाण्याने धुवावेत, संत्र्याच्या झाडांना पाणी घालावे आणि पीठ तापू नये म्हणून स्वयंपाकघराच्या खिडक्या बंद ठेवाव्यात. दूरच्या पेढ्यांवरील भागीदारांनाही तो याच बारकाईने आणि याच संशयी स्वरात लांबलचक पत्रे लिहितो. त्याच्या वह्यांच्या आरंभी ‘देवाच्या आणि नफ्याच्या नावाने’ असे शब्द असत. (आपल्याकडे वहीपूजनाला ‘शुभ-लाभ’ लिहिणाऱ्यांना यात नवल वाटू नये.)

वहीत व्यवहार घडून गेल्यावर उतरतो. जहाज अजून बंदराला लागलेले नाही, भाव कोठे जाईल ते कळत नाही आणि तरीही निर्णय घ्यायचा आहे, अशी घालमेल पत्रातच सापडते. जिनेव्राचेही तसेच. लुचिया या दासीपासून दातीनीला 1392 मध्ये झालेल्या या मुलीच्या लग्नातील 1,000 फ्लोरिन हुंडा हा हिशेबाचा विषय आहे. पण स्वतःला मूल नसलेल्या मार्गेरिताने तिला आपलीच लेक मानली, हे तिने पत्रात लिहिले म्हणून आपल्याला कळते.

पत्रांची एक मोठी उणीव मात्र आपल्याही प्रतिक्रियेत आलेली नाही. पती-पत्नी एका छपराखाली असत तेव्हा लिहिण्याचे कारणच नव्हते, त्यामुळे आपल्या हाती आहे तो सगळा संसार ताटातुटीच्या काळातला आहे. मी लेखात या दांपत्याला ‘सदा भांडणारे’ म्हटले होते. ते विशेषण या पुराव्यावर टिकत नाही, म्हणून तेही काढले आहे.