पानगळ, पुडिंग आणि पोटमाळा

आमच्या बागेत ओकचं एक मोठं झाड आहे. म्हणजे झाड शेजारच्या आजी-आजोबांचं आहे, पानं आमची आहेत. ऑक्टोबर लागला की ते झाड वर्षभराचा माल आमच्या हिरवळीवर उतरवायला लागतं आणि मी शनिवारी सकाळी दाताळं घेऊन त्याच्यामागे लागतो. पानं गोळा करून डब्यात कोंबायची आणि बागेचा तो कचरा उचलून न्यायला कौन्सिलला वर्षाची वेगळी वर्गणी भरायची. एवढं करून कंबर धरून घरात यावं, तर बायको फायरप्लेसवरच्या फळीवर पानांची माळ लावत असते. ओकच्याच. प्लॅस्टिकच्या.

"अगं, बाहेर फुकट आहेत."

"ती वाळकी आहेत."

"मग ही काय हिरवीगार आहेत?"

"ही नीट वाळलेली आहेत."

यावर काही बोलता येत नाही. पानं न्यायचे पैसे कौन्सिलला, पानं आणायचे पैसे दुकानाला आणि मधली हमाली माझ्याकडे, अशी ही व्यवस्था आहे.

बायको डोंबिवलीची. तिच्या लहानपणी ऑक्टोबर म्हणजे सहामाही परीक्षा आणि घामोळं. इंग्लंडात, रेडिंगला, संसार थाटल्यावर तिला शोध लागला की इथे ऋतू नुसता येऊन भागत नाही, तो घरात मांडावा लागतो. सोफ्याच्या उशांना ऑक्टोबरात भोपळी रंगाचे अभ्रे, डिसेंबरात लाल. दारावर आधी सुक्या फुलांचं कडं, मग हॉलीच्या काटेरी पानांचं. हॉलमध्ये दालचिनीच्या वासाची मेणबत्ती जळत असते आणि त्या वासावर मी आशेने स्वयंपाकघरात जाऊन येतो. तिथे दुधीची भाजी असते.

हे सगळं सामान उरलेलं वर्ष पोटमाळ्यावर राहतं. इथल्या पोटमाळ्याला लॉफ्ट म्हणतात, पण त्याने आत उभं राहता येत नाही ते नाहीच. छतातलं झाकण उघडायचं, शिडी खाली ओढायची, वर जाऊन रांगायचं. घर ऊबदार राहावं म्हणून अंथरलेली काचतंतूंची गादी अंगाला खाजते. पाय फक्त तुळईवर ठेवायचा, दोन तुळयांच्या मध्ये ठेवला तर तो खालच्या बेडरूमच्या छतातून लोंबकळतो. खोक्यांवर बायकोच्या सुवाच्य अक्षरात नावं आहेत: 'शरद', 'गणपती', 'आकाशकंदील', 'नाताळ', 'नाताळ (नाजूक)'. हवं ते खोकं पाण्याच्या टाकीच्या पलीकडेच असतं. 'नाताळ (नाजूक)' खाली देताना बायको शिडीखाली उभी राहून "सांभाळून!" म्हणते. ते खोक्याला असतं.

2024 साली पंचांग आणि इंग्रजी कॅलेंडर यांनी संगनमत केलं. नरकचतुर्दशी आणि हॅलोवीन एकाच दिवशी आले, 31 ऑक्टोबरला. पहाटेच्या अंधारात उटणं लावून अभ्यंगस्नान झालं. पायाखाली चिरडायला कारीट रेडिंगमध्ये कुठलं मिळायला? आम्ही ब्रसेल्स स्प्राउट, म्हणजे इथला चिमुकला कोबी, घेतला. हिरवा, कडवट, आणि त्याचा वध झाल्याचं दुःख घरात कुणालाच नव्हतं. सकाळी असा असुर मारून संध्याकाळी त्याच दारात भुताखेतांच्या स्वागताला भोपळा कोरायला बसलो. पूर्वी आयर्लंड-स्कॉटलंडात यासाठी सलगम कोरत असत. ज्याने पहिलं सलगम कोरलं असेल त्याच्या मनगटाला माझा दंडवत. वर आकाशकंदील, खाली दात विचकणारा भोपळा, मध्ये रांगोळी, असं आमचं दार इतकं गजबजलेलं दिसलं की गल्लीतली झाडून सगळी भुतं आमच्याकडेच आली. चॉकलेटं संपली. बायकोने चकल्या पुढे केल्या. एका छोट्या सांगाड्याने दोन खाल्ल्या आणि तिसरी खिशात घातली. त्याच्या मागच्या चेटकिणीने मात्र आधी आपल्या आईला विचारून घेतलं, यात शेंगदाणे नाहीत ना?

मागच्या ऑक्टोबरात माझी आई सांगलीहून आली आणि या सगळ्या कारभाराला शिस्त आली. तिने पहिल्यांदा कोरलेल्या भोपळ्याचा गर ताब्यात घेऊन घारगे केले. हे भोपळे आकारासाठीच वाढवलेले असतात, चवीला नुसतं पाणी. "देह केवढा आणि गुण काय," आई म्हणाली. तेव्हा ती माझ्याकडे का बघत होती, कळलं नाही.

मग नाताळचा केक आला. हा केक नाताळच्या आदल्या दिवशी करून चालत नाही, तो महिना-दोन महिने आधी करतात. किलोभर सुका मेवा रात्रभर ब्रँडीत भिजवायचा. आईने त्यासाठी बॅगेतून तासगावचे बेदाणे काढून दिले, कारण इथले तिला 'उपाशी' वाटले. टिनला आतून दोन पदरी कागद, बाहेरूनही खाकी कागद गुंडाळून सुतळी बांधायची आणि 140 अंशांवर चारेक तास भाजायचं. आई अंडं खात नाही म्हणून बायकोने कंडेन्स्ड मिल्क घालून केला.

"यात अंडं नाही ना?" आईने दोनदा विचारून खात्री केली.

"नाही. पण आई, ब्रँडी आहे."

"ती औषधी असते."

विषय संपला. सर्दीला चमचाभर ब्रँडी चालते, हे सांगलीचं वैद्यकशास्त्र आईला इथे भलतंच उपयोगी पडलं. कारण केक भाजून झाला की खरं काम सुरू होतं. विणकामाच्या सुईने त्याला भोकं पाडून दर आठवड्याला चमचा-दोन चमचे ब्रँडी पाजायची आणि परत फॉइलमध्ये गुंडाळून ठेवायचा. आईने ही जबाबदारी आपण होऊन घेतली आणि वार ठरवला गुरुवार. त्यात मार्गशीर्ष लागला. आता गुरुवारी संध्याकाळी आमच्याकडे आधी घट, हार, वेणी, महालक्ष्मीची कहाणी, आरती आणि मग त्याच सोवळ्यात केकला ब्रँडी. लेकीने शाळेत 'आमच्या घरचा नाताळ' असा निबंध लिहिला त्यात हे सगळं आलं आहे. बाईंनी खाली नुसतं प्रश्नचिन्ह काढलं.

नोव्हेंबर संपता संपता शेजारच्या आजी नाताळच्या पुडिंगचा बेत घेऊन आल्या. ॲडव्हेंट म्हणजे नाताळच्या आधीचे चारेक आठवडे, त्याच्या आदल्या रविवारी पुडिंग कालवायचं, घरातल्या प्रत्येकाने एकेकदा ढवळायचं आणि ढवळताना मनात इच्छा धरायची. ढवळायचं ते पूर्वेकडून पश्चिमेकडे, कारण बाळ येशूच्या दर्शनाला आलेले तीन ज्ञानी पूर्वेकडून आले होते. मूळ कृतीत गाईच्या चरबीचा कीस पडतो. आजींनी आठवणीने वनस्पती चरबीचं खोकं आणलं होतं आणि ते आईच्या हातात देऊन वर "व्हेज, व्हेज" असं बजावलं. आईला बाई आवडल्या. पण पुढे तिने जे विचारलं त्याने आजी गडबडल्या. पूर्व कुठे?

आजी त्यांच्या स्वयंपाकघरात जन्मभर अंदाजाने ढवळत आल्या होत्या. आईला अंदाज चालत नाही. मला फोनवरचं होकायंत्र उघडायला लावलं, पातेलं खिडकीकडून फ्रिजकडे फिरवलं आणि मगच डाव घातला. आजी इतक्या भारावल्या की त्यांनी परत एकदा इच्छा धरली, मागच्या सगळ्या वर्षांच्या फुकट गेल्या असतील म्हणून. पुढे सात-आठ तास वाफवण्याचा प्रश्न आईने मोदकपात्राने सोडवला. रात्री अकरापर्यंत त्यात पाणी घालायला मी होतो.

त्याची परतफेड म्हणून आजींनी आईला चहाला बोलावलं. डिसेंबरात इथे चारच्या आत सूर्य मावळतो. दिवे लावायच्या वेळी माणसं चहा पितात, हे आईला पटत नव्हतं. "तिन्हीसांजेला कुणाकडे जाऊ नये," असं म्हणत ती निघाली. बरोबर मी, दुभाषा आणि अंडेतपासनीस म्हणून. रेडिंग हे बिस्किटांचं गाव. हंटली अँड पामर्स ही कंपनी 1822 साली इथे सुरू झाली आणि एके काळी इथली बिस्किटं जगभर जात. इथल्या फुटबॉल संघालाही लोक 'बिस्किटमेन' म्हणत. इथला कारखाना 1976 साली बंद झाला, पण पत्र्याचे नक्षीदार डबे गावच्या संग्रहालयात काचेआड ठेवले आहेत. आईला ते दाखवायला नेलं होतं तेव्हा, "डबे चांगले आहेत, सुयादोऱ्याला होतील," एवढाच अभिप्राय मिळाला होता. आजींकडे तसला एक डबा होता. आत सुयादोरे होते. दोघींची मैत्री तिथे पक्की झाली.

टेबलावर तीनमजली तबक. खालच्या मजल्यावर काकडीची सँडविचं, मध्ये स्कोन, वर केक. खालून वर खात जायचं. स्कोनला अंड्याऐवजी दुधाचा हात फिरवला होता, म्हणून आईने एक घेतला, त्यावर स्ट्रॉबेरीचा जॅम फासला आणि वर सायीसारखं घट्ट क्रीम ठेवलं. आजोबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. त्यांचे डोळे भरून आले होते म्हणायला हरकत नाही. आजी डेव्हनच्या, तिथे आधी क्रीम आणि मग जॅम. आजोबा कॉर्नवॉलचे, तिथे आधी जॅम. लग्न झाल्यापासून त्या घरात आजोबांच्या बाजूने एकही मत पडलेलं नव्हतं. त्यांनी उठून आईशी हस्तांदोलन केलं. आजींनी आईच्या कपात दूध जरा कमीच घातलं, असं मला वाटलं.

नाताळचा दिवस त्या मानाने सोपा गेला. क्रॅकर, म्हणजे दोघांनी दोन टोकं ओढून फोडायची कागदी नळी, फोडून निघालेला कागदी मुकुट आईने जेवणभर डोक्यावर ठेवला आणि केकचे दोन तुकडे 'औषध म्हणून' घेतले. तिसऱ्याला घसा थोडा धरला होता.

खरा पेच जानेवारीत पडला. नाताळची सजावट बाराव्या रात्रीपर्यंत उतरवली नाही तर वर्षभर दुर्दैव पाठ सोडत नाही, अशी इथली समजूत. आईने ती ऐकताच विनातक्रार स्वीकारली, असल्या बाबतीत ती देशभेद मानत नाही. पण बारावी रात्र नेमकी कुठली? आजी म्हणाल्या 5 जानेवारी. आजोबा म्हणाले 6. यावर इंग्लंडातच एकमत नाही. आईने कालनिर्णय काढलं. 6 तारखेला मंगळवार आणि संकष्टी, म्हणजे अंगारकी.

"अंगारकीला आवराआवर नको. आजच काढ," ती 5 तारखेच्या रात्री साडेनऊला म्हणाली.

मी झाडावरचे गोळे उतरवले, दिव्यांच्या माळांचा गुंता तसाच पिशवीत भरला आणि 'नाताळ (नाजूक)' छातीशी धरून शिडी चढलो. तुळईवरून रांगत टाकीच्या पलीकडे पोचलो तेव्हा खालून आईची हाक आली.

"अरे, वर आहेसच तर संक्रांतीच्या वाणाचं खोकं खाली दे. परत परत कुठे चढतोस?"

"आणि येताना त्या पानांच्या माळाही बघ," बायको म्हणाली. "वसंताच्या."