दहापैकी आठ

दहापैकी आठ म्हणजे चांगले गुण, हे सव्वीस वर्षं मराठी शिकवताना मी धरूनच चालले. आपल्याकडे पस्तीसला पास, साठला फर्स्ट क्लास, पंच्याहत्तरला डिस्टिंक्शन. निबंधाला दहापैकी आठ पडलेलं पोर वही घेऊन घरी पळत सुटतं. त्याच हिशेबानं मागच्या उन्हाळ्यात मी फोनवर पाण्याचं मशीन दुरुस्त करून गेलेल्या एका मुलाला आठ गुण दिले आणि त्याचे त्या महिन्याचे इन्सेन्टिव्हचे पैसे गेले. हे मनातून जात नाही म्हणून लिहितेय. पोस्ट मोठी आहे, पण सवडीनं वाचा.

सोलापूरकरांना पाण्याचं वेगळं सांगायला नको. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, मधल्या दिवसांत बोअर. बोअरचं पाणी इतकं जड की बादलीला आतून पांढरा थर धरतो. एप्रिलच्या शेवटी आमच्या आरओची, म्हणजे पाणी गाळायच्या मशीनची, धार सुतासारखी झाली. तक्रार नोंदवली, तर पार्ट पुण्याहून यायचाय म्हणाले. बारा दिवस गेले. रोज फोन, रोज तेच उत्तर. जारचं पाणी विकत घेतलं.

तेराव्या दिवशी भर दुपारी दोनला तो मुलगा आला. कुंभारीच्या विडी घरकुलातून, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतून, गाडीवर. चपला बाहेर काढल्या, जुनं फडकं मागून घेतलं, ओट्यावर अंथरलं आणि मग मशीन उघडलं. आतली मेम्ब्रेन, म्हणजे पाणी गाळणारी जाळी, काढून माझ्या हातात दिली. पांढरी असायची ती विटकरी झालेली, बोट फिरवलं तर चुन्याच्या भिंतीसारखी खरखरीत. नवीन बसवली, टाकी आतून धुतली, मीटर बुडवून आधीचा आणि नंतरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, दाखवला. बोअरचं पाणी अकराशेच्या वर होतं, गाळलेलं सत्तर. सिंकचा नळ गळत होता, तोही त्यानं खिशातला वॉशर घालून बंद केला. त्याचे पैसे घेतले नाहीत. ताक प्यायला आणि पेला स्वतः विसळून ठेवला.

दोन दिवसांनी कंपनीचा रेकॉर्ड केलेला फोन आला. आमच्या कंपनीची शिफारस तुम्ही मित्रांना आणि नातेवाइकांना कितपत कराल, शून्य ते दहामधला आकडा दाबा. मी आठ दाबला. दोन गुण कापले ते बारा दिवसांचे आणि सांगितल्यापेक्षा जास्त आलेल्या बिलाचे. त्या मुलाला माझ्या मनात दहापैकी दहाच होते, पण त्याच्याबद्दल कुणी विचारलंच नव्हतं.

ऑगस्टमध्ये सर्व्हिसिंगला तोच आला. निघताना म्हणाला, "फोन आला तर नऊ नायतर दहा दाबा मॅडम." मी म्हटलं, मागच्या वेळी आठ दिले होते की, चांगले आठ. तो थांबला. आवाज न चढवता म्हणाला, "आठाला काय नाही ओ मॅडम. आठ म्हंजे झिरो धरतेत." मग मोबाइल काढून मे महिन्याचा तक्ता दाखवला. तारीख, तक्रार क्रमांक, गिऱ्हाइकाचं आडनाव आणि शेवटच्या रकान्यात आकडा. आमच्या आडनावापुढे शून्य. खाली बेरजेची चौकट लाल. "त्या महिन्याला इन्सेन्टिव्ह थोडक्यात गेला," म्हणाला. कुणाच्या एकाच्या आकड्यानं गेला असं तो म्हणाला नाही. पण यादीत एवढं स्वच्छ काम झालेलं आणि पुढे शून्य पडलेलं घर माझं होतं.

त्या रात्री मी हे आकडे कसे मोजतात ते वाचून काढलं. या पद्धतीला नेट प्रमोटर स्कोअर म्हणतात. फ्रेड रायकहेल्ड नावाच्या व्यवस्थापन सल्लागारानं २००३ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये ती मांडली. नऊ आणि दहा देणारे ते आपले प्रचारक. सात आणि आठ देणारे ना इकडचे ना तिकडचे. शून्यापासून सहापर्यंत सगळे निंदक. प्रचारकांच्या टक्केवारीतून निंदकांची टक्केवारी वजा करायची, उरेल तो स्कोअर. म्हणजे माझ्या शाळेत साठ टक्क्यांना फर्स्ट क्लास, आणि इथे दहापैकी सहा देणारा माणूस वैऱ्यांच्या खात्यात. आकडा मी माझ्या शाळेच्या भाषेत दाबला, त्यांनी तो त्यांच्या भाषेत वाचला. फोनवरच्या आवाजानं एका वाक्यात हे सांगितलं असतं तर? "आठ दिलेत तर आम्ही ते शून्य धरू," एवढंच.

मूळ कल्पनेवर माझा राग नाही. अख्ख्या कंपनीबद्दल लोकांना काय वाटतं हे कळायला हजारो उत्तरं एकत्र करून पाहिली तर त्यातून काहीतरी हाती लागत असेल. पण महिन्याला तीस-चाळीस घरं करणाऱ्या एका पोराच्या पगाराला तोच आकडा बांधायचा, आणि तोही पार्ट कधी आला, बिल किती झालं, पुण्याच्या गोदामात काय झोपलं होतं या सगळ्यासकट, हे अन्यायाचं आहे. उशीर करणारे आणि बिल ठरवणारे त्या रकान्यात कुठेच नाहीत. रकान्यात आहे तो दारात उभा राहिलेला माणूस.

माझ्या व्यवसायातही गुणांवर आयुष्यं ठरतात, म्हणून हे जास्त लागलं. बोर्डाचा पेपर एकटा परीक्षक ठरवत नाही. आदर्श उत्तरपत्रिका असते, वर नियामक असतो. निकाल लागला तरी मुलाला उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते, गुणपडताळणी करता येते, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज टाकता येतो. चुका आमच्याही होतात, खूप होतात, पण कुठे गुण कापले हे विचारायची सोय आहे. या मुलाला मी का आठ दिले हे विचारायची सोय नव्हती. मी टोल फ्री नंबरवर फोन करून सांगितलं की मला माझे गुण बदलायचेत. नोंदवलेला अभिप्राय बदलता येत नाही म्हणाले. ईमेल केला. त्याला उत्तर नाही.

त्या मुलाची आई विड्या वळते. सोलापुरात हे घरोघरी पाहिलेलं काम आहे. पानं भिजवायची, कातरीनं कापायची, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा. हजाराच्या हिशेबानं मजुरी. कारखान्यात विड्या द्यायला गेलं की तपासणारा जुडी उलगडतो आणि खराब म्हणून काही बाजूला काढतो. त्यात अन्याय होतोच, पिढ्यान् पिढ्या होत आलाय. पण बाजूला काढलेली विडी तिथे समोर पडलेली असते. बाई ती उचलून म्हणू शकते, यात काय वाईट आहे सांग. १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्यात तर विडी नाकारल्यावरून झालेला वाद मिटवायला सरकारनं अधिकारी नेमावा अशी तरतूद होती. कायदा वापरायला किती जणींना जमलं हा वेगळा प्रश्न. तरी साठ वर्षांपूर्वी कुणाला तरी सुचलं होतं की नाकारलेल्या विडीवर बोलायचा हक्क हवा. त्याच घरातल्या मुलाच्या हातात मोबाइल आला, टी-शर्टवर कंपनीचं नाव आलं, आणि बोलायचा हक्क गेला.

आकड्यांनी मोजणं सगळीकडे असंच वाईट असतं असं मात्र मला म्हणायचं नाही. आमच्या शाळेतली मुलं बुद्धिबळ खेळतात. त्यांच्या रेटिंगमागे आर्पाद इलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाचं गणित आहे, जागतिक संघटनेनं ते १९७० साली स्वीकारलं. त्यात समोर कोण बसलं होतं हे धरलं जातं. आपल्यापेक्षा दोनशेनं वरच्या खेळाडूशी हरलात तर थोडेच गुण जातात, कारण हरणं अपेक्षितच होतं. आमच्या बोअरच्या पाण्यानं खाल्लेली आठ वर्षांची मशीन घेऊन बसणारा मुलगा आणि गोड्या पाण्याच्या गावात नव्या मशीनचा फिल्टर बदलणारा मुलगा यांना एकाच पट्टीनं मोजणाऱ्यांनी हे गणित एकदा बघावं.

एसीवरचे तारे घ्या. ते ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या निकषांवर, चाचणी करून ठरतात. वर्षाला किती युनिट लागतील ते खाली छापलेलं असतं, लेबल कधीपासून कधीपर्यंतचं तेही असतं. जुलै २०२२ मध्ये निकष कडक झाले तेव्हा आदल्या दिवशीचा पाच तारे असलेला एसी चारवर आला. एसी तोच, पट्टी बदलली. आणि ती बदलली हे सगळ्यांना माहीत होतं.

आता आमच्या गल्लीतल्या वहिनींचं सांगते. त्या कडक भाकरी आणि शेंगाचटणी घरी करून ऑनलाइन विकतात. पहाटे चारला तवा चढतो. चटणी अजून उखळात कुटतात, कारण कुटताना शेंगदाण्याला तेल सुटतं ती चव मिक्सरला येत नाही. मार्चमध्ये कुणीतरी त्यांना एक तारा दिला. खाली लिहिलं होतं, भाकरी तुकडे होऊन आली. कुरिअरवाल्यानं खोकं आपटलं होतं. कडक भाकरी आमटीत चुरूनच खातात हे त्या गिऱ्हाइकाला माहीत नसणार, त्याचा दोष नाही. पण वहिनींची सरासरी घसरली आणि त्या दोन दिवस तव्यापाशी बसल्या नाहीत. त्यांना एकानं येऊन सांगितलं, पैसे द्या, पन्नास पाच तारे टाकून देतो. त्यांनी दिले नाहीत, मला त्यांचा अभिमान वाटतो. असे विकतचे अभिप्राय रोखायला भारतीय मानक ब्युरोनं नोव्हेंबर २०२२ मध्ये नियमावली काढली आहे, आयएस १९००० नावाची. पण ती ऐच्छिक आहे. पाळणारा पाळेल.

माझी मुलगी म्हणते, आई, सरळ सगळ्यांना दहा देत जा, विषय संपला. सध्या मी तेच करते. काम नीट झालं असेल तर दहा दाबते, आणि उशिराची, बिलाची तक्रार वेगळी, शब्दांत लिहून पाठवते. पण मास्तरीणबाईला हे पचत नाही, कारण सगळ्यांना दहा दिले की काय होतं हे मी पाहिलंय. दहावीला भाषेच्या तोंडी परीक्षेचे वीस गुण शाळेच्या हातात. कुठली शाळा आपल्या पोरांना कमी देईल? २०१९ च्या परीक्षेला ते वीस गुण काढले. अभ्यासक्रमही त्या वर्षी नवा होता. राज्याचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. ओरड झाली, पुढच्या वर्षी वीस गुण परत दिले आणि निकाल ९५.३० वर गेला. एका वर्षात मराठीची पोरं एवढी बदलली नव्हती. फुकटचे वीस आम्ही मायेनंच देतो. पण ज्या पोरीनं तोंडी परीक्षेत कविता खरंच सुंदर म्हटली तिला द्यायला आमच्याकडे एकविसावा गुण नसतो.

तसंच इथे होणार. नऊ-दहाच्या खाली काही द्यायचंच नसेल, तर खिशातला वॉशर घालून नळ बंद करणाऱ्या मुलात आणि घाईनं झाकण लावून जाणाऱ्यात फरक दाखवायचा कसा? म्हणून मला दहा दाबून गप्प बसायचं नाही. मला प्रश्नच वेगळे हवेत. आलेल्या माणसाचं काम कसं झालं, पार्ट वेळेवर मिळाला का, बिल सांगितल्याइतकंच झालं का, तिन्ही वेगळे विचारा. कुठला आकडा कसा धरणार ते आधी सांगा. आणि कमी गुण पडले तर ज्याला पडले त्याला कारण दाखवा, त्याचं म्हणणं नोंदवून घ्या. बोर्ड लाखो मुलांच्या बाबतीत हे करतं. यांना शे-दोनशे मुलांसाठी जमू नये?

मागच्या आठवड्यात तो मुलगा परत येऊन गेला. त्याला विचारलं, मी कंपनीला पत्र लिहू का, तुझं नाव घालून? "नाव नको मॅडम," म्हणाला, "तक्ता आमचा आमाला दिसतो तेवढंच बरंय, तेबी बंद करतील." म्हणून नाव न घालता लिहितेय. तुमच्यापैकी कुणी, किंवा तुमच्या घरचं कुणी सर्व्हिसिंगच्या, डिलिव्हरीच्या, कॉल सेंटरच्या कामात असेल, तर तुमच्याकडे किती गुणांच्या खाली काय कापतात ते मला इनबॉक्समध्ये कळवा. नाव, कंपनी काही सांगू नका, नुसते आकडे सांगा. रविवारपर्यंत जमा करते. सोमवारी शाळेत जाताना स्पीड पोस्टानं पत्र टाकणार आहे.