तिची मराठी दुरुस्त करू नका

२०१९ च्या जूनमध्ये आमच्या घरी दोन मुले आली. मुलगी नऊ वर्षांची होती आणि तिचा सख्खा भाऊ पाच वर्षांचा. वऱ्हाडातील एका संस्थेतून आम्ही त्यांना दत्तक घेतले आणि मिनेसोटाला आणले. आम्ही दोघेही जन्माने मराठी. पण नागरिकत्व अमेरिकेचे असल्यामुळे हे दत्तकविधान 'आंतरदेशीय' ठरले. होम स्टडी म्हणजे आमच्या घराची आणि आमची पाहणी, 'कारा' या भारताच्या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाचे ना-हरकत प्रमाणपत्र, न्यायालयाचा आदेश, पासपोर्ट आणि व्हिसा या सगळ्यात दोन वर्षांहून अधिक काळ गेला. त्या काळात आम्हाला सर्वांत मोठा दिलासा वाटत होता तो भाषेचा. परदेशातून मोठे मूल दत्तक घेणाऱ्या इथल्या बहुतेक आईवडिलांना पहिले काही महिने खाणाखुणांवर काढावे लागतात. आमच्या घरी मात्र पहिल्या दिवसापासून मराठी असणार होती. या दिलाशात माझी मोठी चूक दडलेली होती आणि आज मी तिच्याविषयीच लिहीत आहे.

पहिल्या रात्री आम्ही दोघांना त्यांच्या खोल्या दाखवल्या. मध्यरात्री उठून पाहिले, तर दोन्ही पलंग रिकामे होते. मुलगी स्वयंपाकघराच्या दाराशी जमिनीवर चादर अंथरून झोपली होती आणि भाऊ तिच्या कुशीत होता. ज्या मुलीने आजवरच्या रात्री वीस-पंचवीस मुलींच्या श्वासांच्या आवाजात काढल्या, तिला बर्फाळ प्रदेशासाठी बांधलेल्या बंदिस्त घरातील शांतता सहन होत नव्हती. फ्रिजचा आवाज ऐकू येतो, म्हणून ती तिथे झोपली होती. पुढचे दोन महिने आम्ही चौघेही दिवाणखान्यात गाद्या टाकून झोपलो. ती मला 'सर' म्हणायची, कारण तिच्या जगात पुरुषांना 'सर' म्हणत. पत्नीला ती 'मावशी' म्हणे, कारण सांभाळणाऱ्या बाईला मावशी म्हणत. हे आम्ही बदलायला सांगितले नाही, आणि ते योग्यच झाले असे मला आजही वाटते.

जेवायला बसले की ती स्वतःचे ताट पुढे ओढत नसे. 'त्याले पहिले द्या,' असे म्हणून भावाच्या ताटाकडे बोट दाखवायची. त्याने घास अर्धवट टाकला की लगेच विचारायची, 'काऊन जेवून नाही राहिला?' त्याची आंघोळ, त्याच्या बुटांचे बंद, त्याचे रडणे, सगळे तिच्या ताब्यात होते. नऊ वर्षांच्या मुलीने चार वर्षे आई होऊन काढली होती, आणि ते आईपण ती त्याच भाषेत करत होती.

एका रविवारी व्हिडिओ कॉलवर माझ्या आत्याने तिला प्रेमाने विचारले, 'काय खाल्लंस गं आज?' ती म्हणाली, 'मले पोहे देल्ले.' आत्या हसली आणि म्हणाली, 'मले नाही गं बाळा, मला म्हणायचं. आता तू आमच्या घरची झालीस ना?' आत्याच्या मनात काडीचाही दुष्टावा नव्हता. मी शेजारी बसलो होतो आणि मीही हसलो. एवढेच नव्हे, तर नंतरच्या आठवड्यांत मी स्वतः तिचे 'कायले' आणि 'तुले' सुधारू लागलो. शाळेसाठी इंग्रजी शिकायचीच आहे, तर मराठीही प्रमाण असावी, असे माझे साधे गणित होते. तिने वाद घातला नाही. तिने हळूहळू माझ्यासमोर मराठी बोलणेच बंद केले आणि इंग्रजीचे जेमतेम शंभर शब्द येत असताना ती त्या शंभर शब्दांत उत्तरे देऊ लागली. शाळेत सगळे तिच्या प्रगतीचे कौतुक करत होते आणि मीही त्या कौतुकाने सुखावत होतो.

मोठ्या वयात दत्तक आलेले मूल सोबत काय आणते, याचा विचार आपण फारसा करत नाही. आमच्या मुलांच्या पिशवीत दोन जोडी कपडे, आम्हीच आधी पाठवलेला आमच्या घराचा फोटो अल्बम आणि एक प्लास्टिकची पट्टी होती. त्यांच्या मालकीची खरी वस्तू एकच होती, ती म्हणजे त्यांची बोली. जन्मदात्या आईचा फोटो तिच्याकडे नाही. पण 'मले' हा शब्द तिने त्या आईकडूनच घेतला असणार. तो शब्द अशुद्ध ठरवताना मी काय करत होतो, हे मला तेव्हा कळले नाही. ज्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरला तेराव्या शतकात 'लीळाचरित्र' सिद्ध झाले आणि मराठी गद्याचा पाया घातला गेला, त्याच मुलखातून आलेल्या मुलीला आम्ही पुणेरी सर्वनामे शिकवत होतो!

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि चौघेही घरात अडकलो, तेव्हा काय बिघडले आहे ते दिसले. भाऊ सहा वर्षांचा झाला होता आणि त्याची मराठी विलक्षण वेगाने विरत चालली होती. एका दुपारी तिने त्याला काहीतरी दरडावून सांगितले. त्याने वरही न पाहता इंग्रजीत उत्तर दिले की तू काय म्हणतेस ते मला समजत नाही. ती स्नानगृहात जाऊन दार लावून बसली. बऱ्याच वेळाने पत्नीला आत घेतले तेव्हा ती एवढेच म्हणाली, 'त्याले माहं बोलणं समजत नाही.' तिने ज्याला वाढवले, त्याच्यापर्यंत पोचण्याची वाट बुजली होती, आणि ती बुजवायला मी हातभार लावला होता.

मिनेसोटात कोरियातून दत्तक आलेल्या माणसांची संख्या मोठी आहे. आमच्या पालकगटात येणारे असे एक पन्नाशीचे गृहस्थ सहा वर्षांचे असताना इथे आले. त्यांना कोरियन भाषेतील एकही वाक्य आठवत नाही. फ्रान्समध्ये अशाच प्रौढांवर झालेला एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. तीन ते आठ वर्षांच्या वयात दत्तक आलेल्या त्या माणसांना कोरियन वाक्ये इतर परक्या भाषांच्या वाक्यांतून वेगळी ओळखता आली नाहीत. भाषा टिकते ती रोज कानावर पडली तर. त्यांच्या फ्रेंच किंवा अमेरिकी आईवडिलांकडे ती बोलण्याची सोय नव्हती, त्यांना कोण दोष देणार? माझ्याकडे तर सोय होती.

आम्ही त्या संस्थेतील मावशींना दर शनिवारी फोन लावायला सुरुवात केली. मावशी दोघांशी भरभरून बोलत, भावाला काही कळले नाही तर ताई समजावून सांगे, आणि ताईपण तिला थोडे थोडे परत मिळाले. मी मुलीची माफी मागितली. आत्यालाही सांगितले, तिला वाईट वाटले, पण पुन्हा तिने कधी टोकले नाही. बाहेरच्या एका मराठी वर्गात मुलीच्या वहीवर लाल शाईने 'ग्रामीण' असा शेरा आला, तेव्हा आम्ही तो वर्ग सोडला.

परदेशातील मराठी कुटुंबांनी मोठी मुले जरूर दत्तक घ्यावीत. वय वाढत जाते तसे या मुलांना घर मिळणे कठीण होते, आणि भाऊ-बहीण एकत्र असतील तर आणखीच. पण आपल्याकडे मराठी आहे म्हणून आपले काम सोपे आहे, असे धरून चालू नका. कुणी त्यांना 'भाग्यवान' म्हटले, तर तिथल्या तिथे थांबवा. नऊ वर्षांच्या मुलाने जे गमावलेले असते ते मोजल्याशिवाय हा शब्द वापरू नये. आंतरदेशीय दत्तकाविषयीच्या हेग या आंतरराष्ट्रीय करारानुसार दत्तक जाताना मुलाचे वय आणि समज पाहून त्याचे मत विचारात घ्यावे लागते. ते मत त्या एका दिवसापुरते नसावे. आपण कुणाला काय म्हणायचे आणि कोणत्या बोलीत म्हणायचे, हेही मुलांनाच ठरवू द्या.

मुलगी आता पंधरा वर्षांची आहे. मला ती 'बाबा' म्हणते, पत्नीला अजूनही कधी 'आई' तर कधी 'मावशी'. आपल्या मुळाचा शोध घेण्याची तरतूद भारतीय दत्तक नियमांत आहे. अठरा वर्षांच्या आत असेल तर पालकांनी सोबत अर्ज करायचा असतो. मागच्या महिन्यात मी तिला विचारले की आपण तो करूया का. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, 'आत्ता नाही, बाबा. त्याले थोडं मोठं होऊ द्या, मग आम्ही दोघं पाहू.'