‘अर्ध्या तासाच्या कामाला अख्खा दिवस’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तुमची गैरसोय झाली, त्याबद्दल दिलगीर आहे. गिऱ्हाईक नाराज होऊन जावं असं कुठल्याच मिस्त्रीला वाटत नसतं.

तुम्ही एक स्टार देऊन चार गोष्टी लिहिल्यात. टाटा चारशेसात ट्रकचा मीटर, म्हणजे स्टिअरिंगसमोरचा काट्यांचा डबा, नुसता बसवायचा होता, अर्ध्या तासाच्या कामाला अख्खा दिवस लावला. १३५० रुपये घेतले. नव्या रंगाला ओरखडे पाडले. आणि दुसऱ्याच दिवशी डिझेलचा काटा बंद पडला. हे वाचून पिंपळगावचे, निफाडचे ओळखीचे गाडीवाले मला फोन करून विचारतायत, म्हणून उत्तर इथेच, सगळ्यांसमोर देतो.

बाकी राहू द्या, ते ‘अर्ध्या तासाचं काम’ मला लागलं. मीटर मीच काढून मीच परत बसवायचा असेल, तर चारशेसातला तासभर पुरतो. काढताना मी प्रत्येक वायरीला टेपचा तुकडा गुंडाळून त्यावर पेनाने लिहितो, स्क्रू डबीत टाकतो. तुमच्या गाडीचं तसं नव्हतं. पासिंगसाठी केबिनचं टिनकाम आणि रंगकाम दुसरीकडे झालं, मीटर तिथेच कुणीतरी उपसून काढला आणि माझ्याकडे आला तो किराणाच्या पिशवीतून. स्क्रू निम्मेच, बल्बचे होल्डर तुटलेले, चार्जिंगच्या लाइटचा बल्ब गायब. वायरी तर पक्कडीने सरळ तोडलेल्या. त्यात रंगवाल्याने गन मारताना आतल्या बाजूला साधा कागदही चिकटवला नव्हता. लाल, हिरवी, पिवळी, निळी, सगळ्या वायरी केबिनच्याच क्रीम रंगाच्या झालेल्या.

आता त्यातली ऑइलची कोणती, टेंपरेचरची कोणती, इंडिकेटरची कोणती, हे कळणार कसं? एक पोरगा खाली इंजिनपाशी आणि मी केबिनमध्ये आडवा. टेस्ट लॅम्पची क्लिप प्लसला लावायची, त्याने खाली ऑइल स्विचची वायर काढून बॉडीला टेकवायची, आणि वर मी एकेक टोक तपासत जायचं. ज्या टोकाला लॅम्प लागला ते ऑइलचं. असं प्रत्येक वायरीचं. अंदाजाने जोडून किल्ली फिरवली असती तर काम लवकर झालं असतं, नाही असं नाही. पण इंडिकेटरचा करंट टेंपरेचरच्या गेजमध्ये शिरला असता तर तो गेज, म्हणजे काट्याचं यंत्र, जळू शकला असता, आणि जुन्या मॉडेलचा गेज शोधायला भंगारबाजार पालथा घालावा लागला असता. तेव्हा मला किती स्टार मिळाले असते?

तुमचा भाचा मला मोबाइलवर व्हिडिओ दाखवत होता. त्यात वीस मिनिटांत मीटर बसतो. त्या गाडीला मागे एकच सॉकेट होतं, दाबलं की झालं. पोरगं आहे म्हणून मी काही बोललो नाही, पण अर्ध्या तासाचा हिशोब तिथूनच आला असावा. आणि अख्खा दिवस म्हणता, तर वेळ नऊची दिली होती, गाडी आली साडेअकराला. माल खाली करायचा होता, मान्य. मार्केट कुणासाठी थांबत नाही. मग तेवढं तरी लिहायचं होतं.

ओरखड्यांचं सांगतो. ती जागा मीटरच्या मागे आहे, पॅनेल बसल्यावर दिसतसुद्धा नाही, रुपयाच्या नाण्याएवढी. तिथे अर्थिंगची वायर बोल्टखाली येते. बोल्ट रंगावर आवळला तर अर्थ धड मिळत नाही, मग करंट परतीचा रस्ता दुसऱ्याच वायरीतून शोधतो. तुम्ही स्वतः पाहिलंत, उजवा इंडिकेटर दिला की त्याच्या तालावर टेंपरेचरचा काटा नाचत होता. पॉलिश पेपरने तेवढी जागा पत्र्यापर्यंत घासली, बोल्ट आवळला, वरून गंज धरू नये म्हणून ग्रीसचं बोट फिरवलं, आणि काटा जागेवर थांबला. तेव्हा तुम्ही ‘वा मिस्त्री’ म्हणालात. ओरखडे नंतर दिसले.

१३५० मध्ये मजुरी ९००, स्पीडोमीटरची केबल ३०० आणि बल्ब, होल्डर, थिंबल, टेप मिळून १५०. जुनी केबल चालली असती, असं तुमचं म्हणणं. तिची आतली तार दुमडून मोडायला आली होती, तुमच्या हातात दिली होती. तशीच घातली असती तर ४० च्या स्पीडला काटा २० ते ६० हेलकावे खात राहिला असता. चार्जिंगच्या बल्बवरूनही तुम्ही कुरकुर केलीत. तो नुसता शोभेचा दिवा नाही. बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट त्या बल्बमधूनच जातो. तो नसला तर गाडी मंद चालू असताना बऱ्याचदा बॅटरी चार्जच होत नाही, आणि रात्री भरल्या गाडीला धक्का मारायला माणसं शोधावी लागतात.

डिझेलच्या काट्याचं तर तुमच्यासमोरच झालं. टाकीवरची वायर काढून चॅसीला टेकवली, काटा सरकन टोकाला गेला. म्हणजे गेज ठीक, वायर ठीक, अडकतोय तो टाकीतला फ्लोट, डिझेलवर तरंगून काटा हलवतो तो. मी तेव्हाच म्हणालो, हा आज चालेल उद्या थांबेल, बदलून घ्या. तुम्ही म्हणालात, आधी पासिंग होऊ दे. झालं ना पासिंग? आनंद आहे. जाताना किलोमीटरच्या आकड्याबद्दल जे विचारलंत ते मी इथे लिहीत नाही. ते काम मी करत नाही, एवढं तेव्हाच सांगितलं होतं.

दादा, राग मानू नका. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचे नवे नियम, आल्यापासून नव्या गाड्यांचा मीटर कॉम्प्युटरशी जोडलेला असतो, त्या गाड्या कंपनीच्या वर्कशॉपला जातात. आमच्यासारख्यांकडे उरल्या त्या तुमच्यासारख्या जुन्या चारशेसात. नवा माणूस दुकानात यायच्या आधी मोबाइलवर स्टार बघतो आणि पुढच्या दुकानात जातो. तिथेही माझ्यासारखाच कुणीतरी केबिनमध्ये आडवा होऊन वायरी शोधणार आहे, पण ते त्या माणसाला कसं कळावं.

तुमच्या सूचनेप्रमाणे यापुढे कामाचा अंदाजे वेळ आधी सांगायचा प्रयत्न करू. बिलाचंही काहीतरी नीट करतोय, छापील पुस्तक आणायचं आहे.

फ्लोटसाठी गाडी घेऊन या, फक्त टाकी फुल करून आणू नका, उघडल्यावर डिझेल अंगावर येतं. मजुरी घेणार नाही. फ्लोट नवा लागला तर शेजारच्या स्पेअरपार्टच्या दुकानातून तुम्हीच आणा आणि पैसे त्यालाच द्या, म्हणजे माझ्याकडून जास्त लागले असं व्हायला नको.