‘पुण्यात प्रॉडक्शन मॅनेजरला 25 लाख’: त्या मेसेजला उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला सात-आठ ग्रुपवर आला. शेवटी पैठण तालुक्यातल्या धाकट्या बहिणीनंही तो पाठवला आणि खाली लिहिलं, “दादा, हे खरं का? पोराच्या ॲडमिशनसाठी दीड एकर शेत विकायला काढावं म्हणतोय.”

मेसेजचं म्हणणं असं: पुण्यात प्रॉडक्शन मॅनेजरला 25 लाखांचं पॅकेज, म्हणजे महिन्याला दोन लाख हातात. इंजिनिअरिंगनंतर पाच वर्षांत ही पोस्ट मिळते. काम केबिनमध्ये बसून ऑर्डरी सोडायचं. संभाजीनगरात राहिलात तर आयुष्य वाया. मी संभाजीनगरजवळच्या वाळूजला आणि मधली सहा वर्षं पुण्याजवळच्या चाकणला प्रॉडक्शन सांभाळलं आहे, म्हणून उत्तर देतोय.

आधी पैसे. 25 लाख मिळणारे मॅनेजर आहेत, पण मी पाहिलेले बहुतेक मोठ्या गाडी कंपन्यांतले, पंधरा-वीस वर्षं काढलेले. आणि पॅकेजला बारानं भागून हातातला पगार निघत नाही. 18 लाखांचं पॅकेज धरू. लोक लगेच म्हणतात, महिना दीड लाख. त्यातले 15 टक्के, म्हणजे 2 लाख 70 हजार, व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर ठरणारे, असले तर ते वर्षाअखेरी, टार्गेट गाठलं तर. बेसिक 9 लाख धरलं तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ 1 लाख 8 हजार आणि ग्रॅच्युइटीचे 43 हजार पॅकेजमध्येच मोजलेले असतात. मेडिक्लेमचे वीस हजार धरा. उरले साधारण 13 लाख 59 हजार. त्यातून आपल्या वाट्याचा तेवढाच पीएफ, अडीच हजार व्यवसाय कर आणि नव्या कररचनेप्रमाणे साधारण 75 हजार आयकर गेला की महिन्याला हातात येतात 97-98 हजार. पीएफ आपलाच असतो, मान्य. पण घरभाडं आणि शाळेची फी त्यातून देता येत नाही. म्हणून ऑफर लेटर आलं की दरमहा खात्यात किती पडणार हे एचआरकडून लेखी मागा. विचारायला लाजू नका.

पाच वर्षांत मॅनेजर? मोठ्या कंपनीत ट्रेनी, इंजिनिअर, सीनियर इंजिनिअर, असिस्टंट मॅनेजर, डेप्युटी मॅनेजर अशी शिडी असते आणि दहा-बारा वर्षं सहज जातात. मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या व्हेंडरकडे पाच वर्षांत मॅनेजरचं कार्ड मिळतं, हेही खरं. तिथं हाताखाली चाळीस माणसं असतात आणि पगार मोठ्या कंपनीतल्या इंजिनिअरएवढा. हुद्दा एकच, नोकऱ्या दोन.

केबिनचं वाक्य मला सगळ्यात लागलं. सकाळी सव्वासहाला सुपरवायझरचा फोन येतो, “साहेब, बारा जण कमी आहेत.” पोळा, महालक्ष्म्या, सोयाबीनची काढणी, आमच्याकडं हजेरी शेतीच्या हिशोबानं पडते. त्याच माणसांत लाइन लावायची, कारण गिऱ्हाईक कंपनी आपल्या मालाचा साठा काही तासांपुरताच ठेवते. इथं डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, तुटली की तिकडं त्यांची लाइन थांबायला आली. मग मीटिंग. मशीन चालू राहिली 90 टक्के, वेग 90 टक्के, चांगला माल 95 टक्के. ऐकायला तिन्ही आकडे बरे, पण तिन्हींचा गुणाकार येतो 77 टक्के आणि समोरचा मागतो 85. कामगाराला ओव्हरटाइम कायद्यानं दुप्पट दरानं मिळतो, मॅनेजरला तो नाही.

एक रात्र मी विसरू शकत नाही. एका कारखान्यात टार्गेट भरून काढायला प्रेस मशीनचा सेन्सर, जो हात आत असला की मशीन थांबवतो, बंद करून ठेवला होता. एका पोराची दोन बोटं गेली. त्याच्या आईला फोन मी केला. तेव्हापासून सेन्सर चालू नसेल तर माझ्या विभागात प्रेस चालत नाही, माल गेला नाही तरी चालेल. असं ठरवून वरच्यांसमोर उभं राहणं, ही या नोकरीतली खरी अपेक्षा. ती जाहिरातीत छापलेली नसते.

राहिलं संभाजीनगर. पुण्यात नोकऱ्या जास्त, पगारही बहुधा जास्त, हे मी नाकारत नाही. पण चाकणला मी रोज ट्रॅफिकमध्ये जेवढा वेळ घालवला, तेवढ्यात वाळूजहून घरी येऊन पोरांचा अभ्यास घेता येतो. आणि ‘आयुष्य वाया’ कुणाचं? बजाजचा वाळूज प्लांट 1985 सालचा. त्याच्या आधारानं इथं व्हेंडरांची आख्खी साखळी उभी राहिली. शेंद्र्यात 2001 पासून स्कोडा आहे. बिडकीनसाठी 2024 मध्ये टोयोटा किर्लोस्करनं सरकारशी सुमारे 20 हजार कोटींचा करार केला, इलेक्ट्रिक स्कूटर बनवणाऱ्या एथरनंही तीच जागा निवडली. करार झाला म्हणजे उद्या भरती असं नाही. पण बिडकीन पैठण रोडवरच आहे, बहिणीच्या गावाकडून रोज जाण्या-येण्यासारखं.

तिला मी माझी पगाराची स्लिप पाठवली, जशीच्या तशी. आणि सांगितलं, दीड एकर काढू नको. डोनेशन देऊन मिळणाऱ्या सीटपेक्षा चिकलठाण्याच्या इंडो जर्मन टूल रूममध्ये टूल-डायचा डिप्लोमा बघा. डाय उघडून दोष कुठंय हे सांगणारं पोरगं मला आजही शोधून सापडत नाही. भाच्याला सुट्टीत माझ्याकडं पाठव, आठ दिवस पहिल्या शिफ्टला माझ्यासोबत येऊ दे. मग त्यालाच विचार, हे काम करायचंय का.