फीड्रस हा इसापचा नुसता भाषांतरकार नव्हता

इ.स. पहिल्या शतकातला रोमन कवी फीड्रस याच्याविषयी एक मजकूर सारखा फिरत असतो: 'हा ऑगस्टस सम्राटाचा गुलाम. त्याने इसापच्या गोष्टी लॅटिनमध्ये भाषांतरित केल्या, सेजानसने त्याला तुरुंगात डांबले, आणि तेव्हापासून दोन हजार वर्षे त्याचे नाव गाजते आहे.'

आधी भाषांतराचे बघू, कारण सर्वांत मोठा अन्याय तिथे होतो. इसाप इ.स.पू. सहाव्या शतकातला मानला जातो. फीड्रसच्या दुसऱ्या पुस्तकातली पाचवी गोष्ट मात्र ऑगस्टसनंतरच्या टायबेरियस सम्राटाच्या, इटलीतल्या मिसेनमच्या वाड्यात घडते: सम्राटाची मर्जी मिळवायला एक चाकर त्याच्या पुढे पुढे पाणी शिंपडत धावतो. तिसऱ्या पुस्तकात खुनाच्या खटल्याचा निवाडा खुद्द ऑगस्टस करतो. या गोष्टी इसापच्या कशा असतील? फीड्रसने हे लपवलेलेही नाही. इसापच्या पायवाटेचा मी रस्ता केला, असे तो तिसऱ्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत लिहितो. चौथ्यात तर स्पष्टच सांगतो की या गोष्टी इसापच्या वळणाच्या आहेत, इसापच्या नव्हेत. त्याने थोड्या दिल्या, मी जास्त देतो.

वृत्ताची निवडही त्याची स्वतःची. सहा गणांची ओळ, शेवटचा गण लघु-गुरूच हवा, आधीच्या गणांत बरीच मोकळीक. प्लॉटस आणि टेरेन्स या जुन्या रोमन नाटककारांच्या प्रहसनांतले हे बोलीला जवळचे वृत्त. लांडगा आणि कोकराची गोष्ट त्यात तात्पर्यासकट 15 ओळींत संपते, आणि तेवढ्यात लांडग्याचे तीन आरोप बसतात: पाणी गढूळ केलेस, सहा महिन्यांपूर्वी शिव्या दिल्यास, तू नाही तर तुझ्या बापाने. ही काटकसर भाषांतराने साधत नाही.

गुलामगिरीचा आधार म्हणजे हस्तलिखिताचा मथळा. तिथेही शब्द 'ऑगस्टसने मुक्त केलेला' असा आहे. कवितेत तो आपला जन्म उत्तर ग्रीसमधल्या पिएरियाच्या डोंगरावर झाल्याचे सांगतो. एडवर्ड चॅम्पलिन या अभ्यासकाने 2005 मध्ये मुक्त गुलामाची ही ओळखच नाकारली, तेव्हा हा मुद्दा छातीठोकपणे मांडू नये.

टायबेरियसचा उजवा हात असलेल्या सेजानसशी वैर खरे. आरोप करणारा, साक्षीदार आणि न्यायाधीश तोच होता, अशी फीड्रसची तक्रार आहे. तुरुंगाचा उल्लेख मात्र कुठेच नाही.

राहिली कीर्ती. इ.स. 43च्या सुमारास रोमन तत्त्वज्ञ सेनेका लिहितो की नीतिकथांना रोमन प्रतिभेने अजून हात घातलेला नाही. फीड्रस त्याच्या खिजगणतीतही नाही. इ.स. 400च्या आसपास एव्हियानस हा लॅटिन नीतिकथाकार फीड्रसच्या पाच पुस्तकांचा उल्लेख करतो. पुढे मध्ययुगात गोष्टी टिकल्या, पण गद्यात मोडून, 'रोम्युलस' या नावाखाली. वृत्त गेले आणि कवीचे नावही गेले. नवव्या शतकातल्या एका हस्तलिखितावरून पिएर पिथू या फ्रेंच विद्वानाने 1596 मध्ये फ्रान्समधल्या त्रुआ इथे पुस्तक छापले, तेव्हा फीड्रस युरोपाला परत मिळाला. फ्रेंच कवी ला फोंतेनच्या पहिल्या नीतिकथा 1668च्या, म्हणजे त्यानंतरच्या.

मिळाला तोही अपुरा. पहिल्या पुस्तकात 31 गोष्टी, दुसऱ्यात जेमतेम 8, पाचव्यात 10: पाने गळाल्याची ही उघड खूण. पंधराव्या शतकात निकोलो पेरोत्ती या इटालियन विद्वानाने याहून पूर्ण प्रतीवरून निवडक गोष्टी उतरवल्या होत्या. त्यातल्या तिसेक इतरत्र कुठेच नाहीत, आणि त्या छापल्या गेल्या थेट एकोणिसाव्या शतकात. पेरोत्तीने त्या एव्हियानसच्या गोष्टींत आणि स्वतःच्या कवितांत मिसळून लिहिल्या, त्यामुळे आजही त्या पाच पुस्तकांत न बसवता परिशिष्ट म्हणून वेगळ्या छापाव्या लागतात.